बलस्थाने पाहून सेवाकार्य सोपवणे: दहा महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, स्वयंसेवकांची नेमणूक कित्येक वर्षे एकाच रीतीने होत असे. उपासना संपता संपता सूचना दिली जायची की रविवारच्या शाळेला दोन जण कमी पडत आहेत, आणि मग जो हात वर करील, किंवा ज्याला नाही म्हणणे जमणार नाही, त्याच्या गळ्यात ते काम पडायचे. दहा महिन्यांपूर्वी आमच्या पाळकांनी (धर्मगुरूंनी) आणि सेवा समितीने ठरवले की यापुढे आधी माणसाची बलस्थाने पाहायची आणि मगच त्याला सेवाकार्य सुचवायचे. ही जबाबदारी माझ्याकडे आली. या काळात चाळीसहून अधिक स्वयंसेवकांबरोबर मी ही पद्धत वापरली. ती निश्चितच ठेवण्यासारखी आहे. मात्र तिचा जो भाग आम्ही सुरुवातीला सोडून दिला होता, तोच सर्वांत महत्त्वाचा निघाला, आणि हा अनुभव लिहिण्याचे मुख्य कारण तेच आहे.

आम्ही दोन साधने वापरली. पहिले साधन म्हणजे क्लिफ्टनस्ट्रेंथ्स ही चाचणी. तिच्यात विधानांच्या १७७ जोड्या असतात, प्रत्येक जोडीसाठी २० सेकंद मिळतात, आणि उत्तरांवरून ३४ बलस्थानांपैकी माणसाची ठळक बलस्थाने क्रमाने समोर येतात. काम तडीस नेणे, इतरांवर प्रभाव पाडणे, नाती जोडणे आणि विचारपूर्वक दिशा ठरवणे अशा चार गटांत ती ३४ बलस्थाने विभागलेली आहेत. दुसरे साधन म्हणजे कृपादानांची, म्हणजे सेवेसाठी देवाने प्रत्येकाला दिलेल्या देणग्यांची, एक प्रश्नावली, जी अनेक मंडळ्यांमध्ये वेगवेगळ्या रूपांत फिरत असते. या दोन्हींनंतर प्रत्येकाबरोबर तासभराची भेट आणि मग तीन महिन्यांपुरती नेमणूक, असा आमचा क्रम होता. ज्या ज्येष्ठांना पडद्यासमोर बसून वेळेच्या मर्यादेत उत्तरे देणे नको वाटले, त्यांच्याबाबत आम्ही केवळ भेटीवर भर दिला, आणि त्यांच्या नेमणुका इतरांच्या तुलनेत कोठेही कमी पडल्या नाहीत.

कृपादानांच्या प्रश्नावलीविषयी माझे मत थोडे राखून आहे. बायबलच्या नव्या करारातील रोमकरांस पत्राच्या १२व्या अध्यायात सात कृपादाने सांगितली आहेत. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या १२व्या अध्यायातील आणि इफिसकरांस पत्राच्या ४थ्या अध्यायातील याद्या त्याहून वेगळ्या आहेत. आणि पेत्राच्या पहिल्या पत्राच्या ४थ्या अध्यायात तर बोलण्याची सेवा आणि हातांनी करायची सेवा एवढेच दोन भाग दिसतात. या याद्या एकमेकींशी तंतोतंत जुळत नाहीत, त्यावरून कृपादानांचा पूर्ण तक्ता मांडणे हा लेखकांचा हेतू नसावा असे मला वाटते. प्रश्नावली मात्र तसा तक्ता मांडते. व्यवहारातली अडचण त्याहून मोठी आहे. "तुम्ही शिकवल्यावर लोकांनी समाधान व्यक्त केले आहे का" अशा धर्तीचे प्रश्न माणसाला त्याच्या भूतकाळाविषयी विचारतात. ज्या तरुणाला आजवर कोणी शिकवण्याची संधीच दिली नाही, त्याला शिक्षणाच्या रकान्यात गुण मिळणार कोठून? त्याउलट, पंधरा वर्षे नाइलाजाने मुलांचा वर्ग घेणाऱ्या भगिनीला तेथे भरभरून गुण मिळतात, आणि ती ज्या कामातून सुटू पाहत असते त्याच कामात प्रश्नावली तिला पुन्हा बसवते. आमच्याकडे हे एकदा प्रत्यक्ष घडले. भेटीत त्या काकूंनी स्वतःहून सांगितले नसते, तर आमच्या लक्षातही आले नसते. तेव्हापासून ही प्रश्नावली आम्ही केवळ बोलणे सुरू करण्यासाठी वापरतो. तिच्या बेरजेवरून कोणतीही नेमणूक करत नाही.

आता त्या सोडून दिलेल्या भागाविषयी. पहिल्या फेरीत आमच्या दोन भगिनींच्या अहवालांत अनुक्रमे वू आणि रिलेटर ही बलस्थाने सर्वांत वर आली. आम्ही दोघींनाही माणसांत रमणाऱ्या म्हणून ओळखले आणि दोघींनाही दारावरच्या स्वागतासाठी नेमले. पहिलीचे काम पहिल्याच रविवारी बहरले. दुसरी मात्र महिन्याभरात कोमेजल्यासारखी दिसू लागली. एका रविवारी मी मुद्दाम दाराजवळ उभी राहून पाहिले. गीतांच्या पत्रकांचा गठ्ठा तिने छातीशी धरला होता, दाराच्या पल्ल्याआड ती एका वृद्ध विधवेचा हात हातात घेऊन तिच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेविषयी अगदी मन लावून ऐकत होती, आणि तेवढ्या वेळात दोन नवी कुटुंबे पत्रक न मिळताच आत जाऊन बसली. तिला दोष देण्यासारखे काहीही नव्हते. वू म्हणजे अनोळखी माणसाला आपलेसे करून घेण्यातला आनंद, आणि रिलेटर म्हणजे जवळच्या माणसाशी असलेले नाते अधिक खोल नेण्याची ओढ. हा फरक अहवालात स्पष्ट लिहिलेला होता. आम्ही माणसे बारकाईने वाचली होती, काम मात्र वाचलेच नव्हते. दारावरचे काम चाळीस माणसांना प्रत्येकी अर्धा मिनिट मागते. आजाऱ्याच्या घरची भेट एकाच माणसाला चाळीस मिनिटे मागते. दोन्हींना आपण "लोकांमधले काम" म्हणतो, पण त्यांना लागणारी माणसे वेगळी असतात. ही भगिनी आता आजारी आणि घराबाहेर पडू न शकणाऱ्या सभासदांना भेटायला जाते. तिच्या भेटींनंतर त्या घरांतून जे निरोप येतात, ते ऐकताना मला आमच्या पहिल्या नेमणुकीची हळहळ वाटते.

त्या प्रसंगानंतर आम्ही प्रत्येक सेवाकार्याचे एक पानी टिपण लिहायला घेतले, आणि माझ्या मते या संपूर्ण पद्धतीचा प्राण त्या टिपणांत आहे. टिपणात कामाचे मोठे नाव लिहायचे नाही, त्या कामातला तास कसा जातो ते लिहायचे: समोर किती माणसे असतात आणि ती ओळखीची असतात की नवी, काम ठरल्या वेळी संपते की लांबत जाते, घरी किती तयारी करावी लागते, चूक झाली तर ती लगेच दिसते की महिन्यांनी, आणि काम एकट्याने करायचे असते की कोणाच्या तरी सोबतीने. ज्याने ते काम प्रत्यक्ष केले आहे, त्याच्याकडूनच ही उत्तरे घ्यायची असतात, कारण समितीत बसून लिहिलेले टिपण आणि काम करणाऱ्याने सांगितलेले टिपण यांत फार अंतर पडते. रविवारच्या शाळेचे टिपण लिहायला बसलो तेव्हा तिच्यात चार वेगळी कामे सापडली. धडा शिकवणे, हजेरी आणि पालकांशी बोलणे, हस्तकलेचे साहित्य आधी तयार करून ठेवणे, आणि जे मूल रडते किंवा बावरते त्याच्याजवळ शांतपणे बसणे. "मला मुलांना शिकवता येत नाही" असे सांगून आजवर नाही म्हणणारे एक निवृत्त काका आज दर शनिवारी साहित्याच्या पिशव्या वयोगटाप्रमाणे लावून ठेवतात आणि एकही रविवार चुकवत नाहीत.

ध्वनियंत्रणेचे टिपण लिहितानाही असेच झाले. ते काम तांत्रिक आवड असलेल्या कोणत्याही तरुणाला जमेल असे आम्ही धरून चाललो होतो. ते काम करणाऱ्या मुलाने सांगितले की येथे काम नीट झाले तर कोणाच्याच लक्षात येत नाही आणि बिघडले तर सगळे एकदम मागे वळून पाहतात. प्रार्थनेच्या मध्येच ध्वनिक्षेपक किंचाळू लागला, तर घाबरून सगळा आवाज बंद करायचा नसतो. कोणता माइक ओरडतो आहे ते ओळखून तेवढाच खाली घ्यायचा असतो, आणि नंतर सगळ्यांच्या नजरा झेलून पुढच्या गीताची तयारी करायची असते. या कामासाठी यंत्रांच्या आवडीइतकाच स्वभावाचा शांतपणा हवा, हे त्यानेच आमच्या टिपणात लिहून दिले.

पवित्र शास्त्रात याचे जे उदाहरण मला सर्वांत जवळचे वाटते, ते प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या ६व्या अध्यायातले आहे. रोजच्या वाटपात ग्रीक भाषा बोलणाऱ्या यहूद्यांच्या विधवांकडे दुर्लक्ष होत आहे अशी कुरकुर सुरू झाली, तेव्हा प्रेषितांनी, म्हणजे येशूच्या बारा प्रमुख शिष्यांनी, ते काम स्वतःकडे ओढून घेतले नाही आणि कोण तयार आहे असेही विचारले नाही. त्यांनी कामाला लागणारे गुण सांगितले आणि निवड मंडळीवर सोपवली. निवडलेल्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती त्यांचा विश्वास बसेल अशीच माणसे मंडळीने पुढे केली असावीत. मला यात दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. काम काय मागते हे आधी स्पष्ट झाले, आणि माणसाची पारख केवळ त्याच्या स्वतःच्या सांगण्यावरून झाली नाही, त्याला ओळखणाऱ्यांनी ती केली. म्हणून आम्ही आता तासभराच्या भेटीआधी स्वयंसेवकाला ओळखणाऱ्या दोघांना विचारतो की या माणसाने केलेले कोणते काम त्यांच्या लक्षात राहिले आहे. चाचणीत न दिसलेल्या कितीतरी गोष्टी या एका प्रश्नातून समजतात.

रिस्पॉन्सिबिलिटी हे बलस्थान वर असलेल्यांविषयी वेगळी सूचना द्यावीशी वाटते. ही माणसे दिलेला शब्द मोडत नाहीत, आणि म्हणूनच प्रत्येक जण त्यांच्याकडे शब्द मागायला येतो. आमच्याकडे असा एक जण एकाच वेळी पाच कामे सांभाळत होता आणि थकल्याचे कोणालाही सांगत नव्हता. अशा माणसाच्या बाबतीत बलस्थानांचा उपयोग नवे काम देण्यासाठी न करता हातातले काम कमी करण्यासाठी करावा. त्याच्याकडची तीन कामे आम्ही काढून घेतली, तेव्हा त्याला आधी वाईट वाटले. आपण कोठे कमी पडलो का, असे त्याने विचारले. त्या संभाषणाला भरपूर वेळ द्यावा लागतो.

मुलांमधल्या कामाबाबत कोणतेही बलस्थान सुरक्षिततेच्या नियमांपेक्षा वरचढ ठरू देऊ नये. कितीही योग्य वाटणारा माणूस असला, तरी त्याची आधीची माहिती ओळखीच्या दोघांकडून घेणे, ठरावीक काळ मंडळीत नियमित असणे आणि मुलांजवळ नेहमी दोन प्रौढ असणे या अटी आम्ही कोणासाठीही शिथिल केल्या नाहीत.

ज्या कामांसाठी कोणाचेच बलस्थान नसते, तीही करावीच लागतात. खुर्च्या मांडणे, आवरणे, स्वच्छतागृह पाहणे ही कामे आम्ही सर्वांमध्ये पाळीने वाटली, आणि त्यांत पाळकांचे व समितीच्या सभासदांचे नावही आहे. योहानाच्या १३व्या अध्यायात प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, त्या सेवेसाठी कोणाचीही चाचणी घेतली गेली नव्हती. "हे माझे बलस्थान नाही" हे वाक्य पहिल्या दोन महिन्यांत मंडळीत वरचेवर ऐकू येऊ लागले, तेव्हा ही पाळी लावणे आवश्यक झाले. ही पद्धत सुरू करणाऱ्यांनी ती पहिल्या दिवसापासून लावावी.

तीन महिन्यांच्या मुदतीचा आम्हाला अपेक्षेपेक्षा अधिक फायदा झाला. मुदत संपताच मी स्वतः जाऊन विचारते की पुढे चालू ठेवायचे, बदलायचे, की थांबायचे. थांबण्याला कारण द्यावे लागत नाही. सोडण्याची वाट मोकळी आहे हे कळल्यावर काम स्वीकारणारेही वाढले. वेळ मात्र खूप लागतो. भेटी, टिपणे आणि मुदतीनंतरचे बोलणे धरून आठवड्याचे चार ते पाच तास मी यासाठी देते. एवढा वेळ देणारे कोणी नसेल, तर चाचणीचे अहवाल कपाटात पडून राहतील.

गेल्या महिन्यात आमच्या पाळकांनी स्वतःच्या कामाचे टिपण लिहायला घेतले. निर्गमाच्या १८व्या अध्यायात सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकट्याने न्यायनिवाडा करणाऱ्या मोशेला त्याचा सासरा इथ्रो याने हजार, शंभर, पन्नास आणि दहा जणांवर नायक नेमायला सांगितले, तो भाग त्यांनी समितीत वाचून दाखवला आणि मग आपले टिपण पुढे ठेवले. एका पानात ते मावले नव्हते. त्यातली चार कामे, त्यांत सभागृहाच्या किल्ल्या आणि वीजबिल हेही आले, आम्ही त्यांच्यासमोरच खुणा करून बाजूला काढली. त्या चारांची टिपणे मी या आठवड्यात लिहून घेत आहे.