खानदेशातले संशोधन-संग्रह: धुळे, अमळनेर, जळगाव

खानदेशच्या इतिहासावर काम सुरू केलं की विद्यार्थी आधी पुण्याचं तिकीट काढतो. पेशवे दफ्तरासाठी पुण्याला जावंच लागतं, पण त्याआधी धुळं करायला हवं.

कारण राजवाडे संशोधन मंडळ. इतिहासाचार्य राजवाडे 31 डिसेंबर 1926 ला धुळ्यातच वारले आणि त्यांच्या मागे 1927 मध्ये हे मंडळ उभं राहिलं. मोडी कागद, संस्कृत-मराठी पोथ्या, नाणी, शिल्पं, सगळं एकाच ठिकाणी आहे. मराठेशाही किंवा जुन्या मराठीवर काम करणाऱ्यासाठी खानदेशातला हा पहिल्या नंबरचा संग्रह. त्याच गावातलं समर्थ वाग्देवता मंदिर वेगळ्या कामाचं आहे. शंकर श्रीकृष्ण देवांनी मठामठांतून जमवलेली समर्थ संप्रदायाची बाडं, म्हणजे हस्तलिखित वह्या, तिथे आहेत. संतसाहित्याच्या पाठभेदांवर काम असेल तर मुक्काम तिथेच टाकावा.

अमळनेर फक्त तत्त्वज्ञानवाल्यांसाठी. प्रताप शेठजींनी 1916 मध्ये काढलेल्या तत्त्वज्ञान मंदिराचा ग्रंथसंग्रह वेदान्ताच्या अभ्यासकाने चुकवू नये. इतिहासवाल्याला तिथे फारसं काही मिळणार नाही. सुरत-भुसावळ लाइनवर असल्यामुळे जाणं सोपं.

जळगावचं विद्यापीठ 1990 चं, त्यामुळे जुन्या कागदांची अपेक्षा तिथे ठेवू नये. त्याचा उपयोग प्रबंधांसाठी, आणि तो घरूनच सुरू होतो. ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर आपल्या विषयाचे दोन-चार प्रबंध उघडा आणि थेट शेवटची संदर्भसूची वाचा. कोणी कोणता रुमाल (कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा), कोणतं बाड वापरलं ते तिथे सापडतं. जुन्या कागदांच्या संग्रहांची खरी दुखरी नस म्हणजे यादी. बऱ्याच ठिकाणी ती हाताने लिहिलेली नोंदवही असते, दाखल क्रमांकाने लावलेली. विषयवार सूची नसते. ‘खानदेशच्या शेतीवर काही आहे का?’ असं विचारलं तर सांभाळणारा माणूस कितीही जाणकार असला तरी हात हलवत परत यावं लागतं. परगणा, गाव, घराणं आणि साल सांगितलं तर रुमाल समोर येतो.

इथे एक खोच आहे. 1906 मध्ये खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. त्याआधी जिल्ह्याचं ठाणं धुळं. म्हणून आजच्या जळगाव जिल्ह्यातल्या गावाचा 1890 चा सरकारी कागद ‘जळगाव’ नावाखाली शोधून मिळणार नाही, ‘खानदेश’खाली बघावा लागतो. 1906 नंतरचा असेल तर ‘पूर्व खानदेश’. नंदुरबार जिल्हा तर 1998 चा, त्याआधीचं सगळं धुळ्यात.

सालाचं गणितही घरूनच करून न्या. शकात 78 मिळवले की साधारण इसवी सन येतो. फसलीत, म्हणजे महसुलाच्या सनात, 590. मराठेशाहीच्या कागदांत येणाऱ्या सुहूर सनात जून ते डिसेंबरसाठी 599, पुढच्या महिन्यांसाठी 600. तो अरबी शब्दांत आणि एककापासून लिहिलेला असतो: ‘तिसा अशर मयातैन व अलफ’ म्हणजे 9, 10, 200, 1000, एकूण 1219, म्हणजे जून 1818 ते जून 1819, खानदेशात इंग्रजी अंमल बसला तो काळ. हे शब्द पाठ नसतील तर पहिला दिवस त्यातच जातो. मोडी शिकल्याशिवाय तर जाऊच नये. बोरूने लिहिलेलं पेशवेकालीन अक्षर सरावाने लागतं. इंग्रजी अमदानीतलं टाकाचं घाईचं अक्षर जास्त छळतं.

कागद हाताळताना हात धुऊन पूर्ण कोरडे करा. जुन्नरी, दौलताबादी हातकागद चिवट असतो, पण काजळीची शाई ओलाव्याने पसरते आणि मे महिन्यात आपल्याकडे बोटांना घाम येतोच. शक्यतो सकाळची वेळ घ्या, त्याहून बरं म्हणजे हिवाळ्यात जा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटचा गिरणीचा कागद उलट ठिसूळ असतो. त्यात तुरटी आणि राळ असते, त्याने आम्लता वाढते आणि घडीवर तुकडा पडतो. अशी घडी जोर लावून उघडू नका, सांभाळणाऱ्याला सांगा. पोथीत ओळीवर पिवळा पट्टा दिसला तर तो हरताळ, चुकीचा मजकूर झाकायला लावलेला. त्यात आर्सेनिक असतं. बोटाला थुंकी लावून पान उलटायची सवय तिथे घातक आहे.

फोटोची परवानगी आधी लेखी मागा, सोबत मार्गदर्शकाचं पत्र न्या. फ्लॅश बंद. फोन कागदाला समांतर धरा, आणि प्रत्येक फोटोत पट्टी आणि रुमाल-पत्र क्रमांकाची चिठ्ठी येऊ द्या. नाहीतर घरी आल्यावर शेकडो फोटोंतून एकाचाही संदर्भ देता येत नाही. पाठ कोरी दिसली तरी तिचाही फोटो घ्या. पोच, शेरा, तारीख कित्येकदा पाठीवरच असते, आणि लांब कागदात बंदांच्या, म्हणजे एकाखाली एक चिकटवलेल्या कागदांच्या, जोडावर मागून शिक्का मारलेला असू शकतो. रुमाल परत बांधताना पत्रांचा क्रम होता तसाच ठेवा. यादी नसलेल्या रुमालात तो क्रम हाच पुढच्या अभ्यासकाचा एकमेव धागा असतो. वाचलेल्या कागदांची तारीख, गाव, विषय अशी एकेक ओळीची टिपणं संग्रहाला देऊन या. यादीचं घोडं पुढे सरकायचं असेल तर ते अशानेच सरकेल.