गर्ल वेट्स विथ गन: कॉप बहिणींसोबतचे काही महिने

एमी स्ट्यूअर्टची ही कादंबरी (2015) पावसाळ्यात वाचली, मग प्रवासात ऑडिओबुक ऐकलं, आणि हल्लीच पुन्हा वाचून काढली. एरवी रहस्यकथा दुसऱ्यांदा हातात घेववत नाही. इथे मात्र गुन्हेगार सुरुवातीलाच समोर येतो. त्याला कोणी हात का लावत नाही, हा खरा प्रश्न आहे.

1914 चा उन्हाळा, न्यू जर्सीतलं पॅटरसन. रेशीम कारखान्याचा मालक हेन्री कॉफमन कॉप (Kopp) आडनावाच्या तीन बहिणींच्या घोडागाडीला मोटार ठोकतो. थोरली कॉन्स्टन्स नुकसानीचे 50 डॉलर मागते. पैसे राहिले बाजूला, रात्री-अपरात्री घराच्या काचा फोडून विटा येऊ लागतात, विटांना गुंडाळलेल्या धमक्यांसकट. धाकट्या फ्लरेटला पळवून नेण्याची भाषा सुरू होते. बहिणी खऱ्या, कॉफमनही खरा; वेगळ्याच एका पुस्तकासाठी जुनी वर्तमानपत्रं चाळताना लेखिकेला ही हकिगत सापडली.

हसवते ती मधली नॉर्मा. तिने निरोपाची कबुतरं पाळली आहेत, पण निरोप काय, तर पेपरातले मथळे! बहिणींना धडा मिळेल असा एखादा भयंकर मथळा कात्रीने कापायचा, कबुतराच्या पायाला बांधायचा आणि पाठवायचा. वाद घालायची ही पद्धत मला इतकी आवडली, की तिची प्रकरणं मी मुद्दाम सावकाश वाचते.

शेरीफ हीथ हे पुरुष पात्र मन लावून लिहिलंय. शेरीफ म्हणजे तिथला कायदा-सुव्यवस्था बघणारा अधिकारी; तो निवडून येतो, तुरुंगही त्याच्याच अखत्यारीत. बाकीचे बहिणींना वाटेला लावतात, हा ऐकून घेतो आणि पिस्तुलं हातात देतो. ठरल्या कोपऱ्यावर पर्समध्ये पिस्तूल घेऊन, धमकी देणाऱ्याची वाट पाहत उभी राहिलेली धिप्पाड कॉन्स्टन्स डोळ्यांसमोरून हलत नाही. न्यू जर्सीत तेव्हा बाईला मत देता येत नव्हतं, आणि ही पुढे डेप्युटी शेरीफ होते!

मधला भाग रेंगाळतो, हे खरं. कारखान्यातल्या लुसीच्या हरवलेल्या बाळाचं उपकथानक 1913 च्या रेशीम कामगारांच्या संपात शिरतं. वेग हवा असणाऱ्यांना ते नको वाटेल. मला तिथेच गलबलून आलं.

कॉन्स्टन्सची नोकरी बघायची असेल तर पुढची 'लेडी कॉप मेक्स ट्रबल' (2016) घ्या, पण आधी हीच वाचा. फ्लरेटबद्दलचं गुपित इथेच उलगडतं.