आप्पांची ‘टू इन वन’ हार्टची कॅप्सूल, दीड वर्ष वापरून

आमच्या आप्पांना दोन वर्षांमागं बेळगावात स्टेंट (हार्टच्या रक्तवाहिनीत बसवायची जाळीची नळी) घातला. वय ७१, राहणं खानापूर तालुक्यात, शेती अजून सोडलेली नाही. सुरवातीला गोळ्यांचा नुसता ढीग होता आणि आई सगळ्या पाकिटातनं सोलून एका स्टीलच्या डब्यात ठेवायची, म्हणजे कुठली कशाची ते देवालाच ठाऊक. सहा महिन्यांनी डॉक्टरांनी ॲस्पिरीन आणि कोलेस्टेरॉलची ॲटोरव्हास्टॅटिन ह्या दोन्हींची मिळून एक कॅप्सूल चालू केली, ७५/२० ची. कंपनीचं नाव लिहीत नाही, बऱ्याच कंपन्या करतात आणि आत माल तोच असतोय.

चांगलं आधी सांगतो. रात्री जेवल्यावर एकच घ्यायची, त्यामुळं चुकत नाही. मेडिकलमधल्या पोरानं पहिल्या दिवशी कन्नडात ‘ऊट आद म्याले वंदु’ (जेवण झाल्यावर एक) म्हणून सांगितलं ते आप्पांच्या डोक्यात असं बसलंय की अजून जेवून उठले की स्वतःच ‘वंदु’ म्हणत डबीकडं जातात. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, पण खाली आलं. ॲस्पिरीन रक्तातल्या प्लेटलेट एकमेकाला चिकटू देत नाही आणि स्टॅटिन लिव्हरमध्ये कोलेस्टेरॉल तयार व्हायचं कमी करते, दोन कामं वेगळी आहेत, हे मला डॉक्टरांनी समजावलं.

आता गडबड कुठं होते ते सांगतो, कारण आमची झाली.

कॅप्सूल एक दिसते म्हणून आत ॲस्पिरीन आहे हे घरात सगळेच विसरले. जुनी नुसत्या ॲस्पिरीनची स्ट्रिप घरात शिल्लक होती, आप्पा ती पण सकाळी घेत होते, ‘डॉक्टरनीच दिलेली हाय की’. त्यात भाताची लावणी सुरू झाली, गुडघे धरले आणि बाजारच्या दिवशी एका दुकानातनं दुखायच्या गोळ्या आणल्या. दुकानदारानं विचारलं नाही दुसरं काय चालू आहे, ह्यांनी सांगितलं नाही. स्ट्रिप कात्रीनं कापून चार-चार गोळ्या दिलेल्या, नाव आणि एक्स्पायरी दुसऱ्या तुकड्यावर राहिलेली, मी नंतर लाईटखाली धरून बघितलं तर फक्त ‘डायक्लो’ एवढंच वाचता आलं. म्हणजे ॲस्पिरीन डबल, वर डायक्लोफिनॅक, आणि चिखलात उभं राहून दोन वेळा चहाबिस्किटावर दिवस काढायचा. आठ-दहा दिवसांनी संडास डांबरासारखी काळी व्हायला लागली. हे पण बोलले नाहीत, आईनं बघितलं म्हणून कळलं. हिमोग्लोबिन ९ वर, दुर्बीण घालून बघितलं तर पोटात अल्सर, तीन दिवस ॲडमिट. आता कॅप्सूलच्या जोडीला सकाळी उपाशीपोटी ॲसिडिटीची गोळी कायमची लागली आणि दुखलंच तर साधी पॅरासिटामॉल, ती पण विचारून. आयब्युप्रोफेन पण चालत नाही म्हणाले, ती ॲस्पिरीनचं कामच अडवू शकते.

दुसरी तक्रार आकड्यांची. ७५/२० मध्ये पहिला आकडा ॲस्पिरीनचा आणि दुसरा स्टॅटिनचा. एकदा माल नव्हता म्हणून ७५/१० दिली, ‘एकच हो, घ्या’ म्हणून. एकच कसं? स्टॅटिन अर्धी झाली की. पाकीट घरी आणून चिठ्ठीशी ताडून बघत जावा.

आणि मला वाटतं ह्या औषधाचा खरा तोटा हा आहे की जोडी फोडता येत नाही. गेल्या पावसाळ्यात आप्पांना ताप आला, गल्लीत डेंग्यूचे पेशंट होते, डॉक्टर म्हणाले रिपोर्ट येईपर्यंत ॲस्पिरीन नको, प्लेटलेट आधीच पडतात आणि रक्तस्रावाची भीती असते. पण कॅप्सूल बंद केली तर स्टॅटिन पण बंद होते, म्हणून तेवढे चार दिवस स्टॅटिनची वेगळी गोळी आणावी लागली. रिपोर्ट निगेटिव्ह आला, कॅप्सूल परत चालू. हे डॉक्टरांनी ठरवलं, आम्ही नाही, कारण स्टेंटवाल्यानं मनानं बंद केली तर स्टेंटमध्ये रक्ताची गाठ होऊ शकते. दात काढायच्या वेळी पण तसंच, दातवाल्याला सांगायचं, आपणच आठ दिवस आधी बंद करून जायचं नाही. आणि ज्यांना स्टॅटिन ४० किंवा ८० लागते त्यांना वेगवेगळ्या गोळ्याच बऱ्या पडतात.

मध्ये एकदा आप्पांनी कॅप्सूल घशात अडकते म्हणून उघडून आंबिलीत घातली. आतले दाणे पोटात लवकर विरघळू नयेत म्हणून ॲस्पिरीनला कोटिंग असतं, ते चावायचं कुटायचं नाही. पण कोटिंग आहे म्हणून अल्सर होत नाही असं समजू नका, आमचा झाला.

स्टॅटिनचा त्रास म्हणाल तर विशेष नाही. मांड्या दुखायला लागल्या की मात्र लगेच ‘लावणीनं दुखालंय’ म्हणून सोडायचं नाही, अंग दुखतंय आणि लघवी चहासारखी गडद होतेय तर त्याच दिवशी दाखवा. ॲंटिबायोटिक लिहून घेताना पण ही कॅप्सूल चालू आहे म्हणून सांगा, क्लॅरिथ्रोमायसिनसारख्या काहींनी स्टॅटिन अंगात जास्त साठते.

आमचा मावसभाऊ, वय ४५, काही आजार नाही, आप्पांचं बघून म्हणाला मी पण चालू करतो, हार्टला चांगली. असलं करू नका हो. अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीनं २०२२ ला सांगितलंय की साठीच्या पुढच्यांनी, आधी हार्टचा त्रास किंवा स्ट्रोक नसेल तर, पहिला अटॅक टाळायला म्हणून ॲस्पिरीन नव्यानं सुरू करू नये, आणि ४० ते ५९ मध्ये पण धोका बघून डॉक्टरशी बोलून ठरवायचं. पाकिटावरची ती लाल रेघ, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही ही खूण, उगीच नाही.

पाचात चार स्टार. एक कापला तो बारीक इंग्रजी छपाईसाठी, म्हाताऱ्या माणसाला काय वाचता येणार. मी डबीवर मार्करनं मराठीत ‘ह्यात ॲस्पिरीन आहे’ लिहून ठेवलंय. आणि आप्पा आता कुठल्या पण मेडिकलमध्ये गेले की आधी खिशातनं अख्खी स्ट्रिप काढून काउंटरवर आपटतात, ‘हे चालू हाय, ह्याच्यावर चालतंय काय बघ, मग दे.’