पापणीवर पहारा ठेवणारा कॅमेरा: रात्रीच्या गाडीवरचा अनुभव

टोमॅटोच्या सीझनमध्ये माझी गाडी रात्रीच धावते. पिंपळगाव बसवंतला लिलाव उरकले की कॅरेट भरायची, शिर्डीजवळ समृद्धीवर चढायचं आणि सकाळच्या बाजाराला नागपुरात कळमन्याला माल उतरवायचा. आयशर माझी आहे, चालवतोही मीच. दुसऱ्या गाडीवर आमचे मामा असतात. पिकअपपासून ट्रेलरपर्यंत सगळं चालवलेला माणूस. १ जुलै २०२३ ला मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ खासगी बसच्या अपघातात २५ माणसं गेली, त्यानंतर घरच्यांनी माझ्यामागे लकडा लावला आणि मी ड्रायव्हरच्या डोळ्यांवर लक्ष ठेवणारा कॅमेरा बसवून घेतला. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. या प्रकारची बरीच यंत्रं बाजारात आहेत आणि गुणदोष बहुतेक सारखेच आहेत.

बसवण्यासकट १३ हजारांच्या आसपास गेले. डॅशबोर्डवर स्टेअरिंगच्या किंचित बाजूला बसतो, तोंड आपल्याकडे. अंधारात आपल्या डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश तो चेहऱ्यावर टाकतो, म्हणून केबिनमधला दिवा बंद असला तरी त्याला पापण्या दिसतात. डोळा ठरावीक वेळेपेक्षा जास्त मिटला, जांभई आली, मान खाली गेली किंवा नजर रस्त्यावरून हटली की बझर वाजतो. आवाज असा कर्कश आहे की शेजारी झोपलेला क्लीनरही उठून बसतो. मला हा आवाज आवडला. गोड आवाजात सूचना देणारी यंत्रं मी ऐकली आहेत, पहाटे तीनला त्यांचा काही उपयोग नाही.

यंत्र नेमकं काय मोजतं हे मला समजून घ्यायचं होतं. माणूस साधारण मिनिटाला पंधरा वेळा पापणी मिटतो आणि एकेक मिटणं सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकं किंवा त्याहून कमी असतं. झापड यायला लागली की मिटणं लांबतं, पापणी वर यायला वेळ लावते. जागेपणी पापणी उचलून धरणारा स्नायू सतत कामावर असतो. पेंग आली की त्याची पकड सैल होते, म्हणून डोळे अर्धवट दिसतात. बाहुलीचा ८० टक्क्यांहून जास्त भाग पापणीखाली किती वेळ राहिला, हे माप १९९४ साली अमेरिकेत ड्रायव्हिंग सिम्युलेटरवरच्या संशोधनातून पुढे आलं. आजचे बरेच कॅमेरे त्याच मापाच्या आधाराने चालतात. युरोपात तर जुलै २०२४ पासून नव्या गाड्यांत ड्रायव्हरची पेंग ओळखणारी यंत्रणा सक्तीची आहे.

माझ्या रस्त्यावर खरी परीक्षा कारंजा ते वर्धा या पट्ट्यात होते. जालन्यापर्यंत गप्पा चालतात, मेहकरपर्यंत चहाचा जोर टिकतो. पुढे दोन ते पाचच्या मध्ये शरीर आपलं घड्याळ लावून बसतं. रस्ता सरळ, डिपर मारायला समोरून गाडी नाही, गतिरोधक नाही. ऐंशीच्या वेगात गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. चार सेकंदांची डुलकी म्हणजे जवळजवळ ९० मीटर गाडी कुणीच चालवत नाही. हा हिशेब प्रत्येक मालकाने आपल्या ड्रायव्हरसमोर बसून मांडावा.

याच पट्ट्यात कॅमेऱ्याने मला उठवलं आहे. मी जागाच आहे असं मला वाटत होतं. बझर वाजला तेव्हा गाडी लेनमध्येच होती, पण मागचा किलोमीटरचा दगड कधी गेला ते आठवेना. मी पुढच्या थांब्यावर गाडी घेतली, कॉफी प्यायलो आणि लगेच वीस मिनिटं आडवा झालो. कॉफीचा असर चढायला साधारण अर्धा तास लागतो, तोवर झोप पदरात पडते. खिडकी उघडणं, गाणी मोठ्याने लावणं, तोंडावर पाणी मारणं हे सगळं थोडा वेळ ढकलतं, झोप भागवत नाही. त्या एका रात्रीसाठी १३ हजार वसूल झाले असं मी मानतो.

आता दोष. मामांच्या पापण्या वयामुळे मुळातच खाली आल्या आहेत. त्यांच्या गाडीत ट्रायलला बसवलेला कॅमेरा भर दिवसा, ठणठणीत जाग्या माणसावर ओरडत राहिला. बसवणाऱ्या पोराला परत बोलावून त्यांचा चेहरा नीट नोंदवून घेतला, उंची बदलली, तेव्हा ओरडणं कमी झालं, थांबलं नाही. बारीक डोळ्यांच्या माणसालाही हाच त्रास होतो. दिवसा काळा गॉगल लावला की काही कॅमेऱ्यांना डोळा दिसतच नाही, आणि चष्म्याच्या काचेवर उजेड चमकला की माझा कॅमेराही गोंधळतो. हात तोंडावर ठेवून दिलेली जांभई त्याला कळत नाही. सगळ्यात मोठी उणीव मात्र वेगळी आहे. डोळे सताड उघडे असतात आणि मेंदू क्षणभर झोपलेला असतो, असंही होतं. तेव्हा पापणी मोजणाऱ्या यंत्राला धोका दिसत नाही.

माणसाला तो दिसतो. मामांचा चेहरा मी इतकी वर्षं पाहतोय की ढाब्यावर ते समोर बसले की मला कळतं. डोळे तारवटलेले, कडा लाल, खालची कातडी काळसर आणि फुगीर, तोंडाची टोकं खाली ओढलेली. माझी मुलगी नर्सिंगला आहे, तिने मला एक अभ्यास वाचून दाखवला. स्टॉकहोमच्या संशोधकांनी १० जणांचे फोटो काढले, एकदा नीट झोपेनंतर आणि एकदा ३१ तास जागवून. ते फोटो ४० लोकांना दाखवले. झोप नसलेल्या चेहऱ्यांत त्यांना हेच दिसलं: लोंबणाऱ्या पापण्या, लाल आणि सुजलेले डोळे, खालची काळी वर्तुळं, फिकट कातडी, खाली वळलेले ओठ. लोकांना ती माणसं दुःखीही वाटली. म्हणून आता मी गाडी सोडण्याआधी मामांच्या तोंडाकडे पाहतो. चेहरा उतरलेला असेल तर गाडी दोन तास उशिरा निघते, व्यापाऱ्याला मी फोन करतो.

मुलीने आणखी एक सांगितलं, तेही इथे लिहितो. डोळ्याखालची कातडी फार पातळ असते, आतल्या रक्तवाहिन्यांची सावली वर दिसते. काहींची काळी वर्तुळं काळजी घेऊनही जात नाहीत, कारण तो कातडीचाच रंग असतो. त्यामुळे नुसत्या काळ्या वर्तुळांवरून ड्रायव्हरला थकलेला ठरवू नये. पण कुणी रात्रभर मोठ्याने घोरत असेल, मधेच श्वास अडकत असेल आणि पुरेसं झोपूनही डोळे जड असतील, तर त्याला डॉक्टरकडे न्यावं. संध्याकाळ होता होता एकच पापणी खाली येते, एकाचे दोन दिसतात, असं कुणी म्हणालं तर वाट पाहू नये. तिथे कॅमेऱ्याचं काम नाही.

रिपोर्टबद्दल मला पोटतिडकीने बोलायचं आहे. या यंत्रात सिम असतं, प्रत्येक बझरचा छोटा व्हिडिओ मालकाच्या मोबाईलवर येतो. आमच्या भागातल्या एका मालकाने बझरमागे पगार कापायला सुरुवात केली. त्याच्या ड्रायव्हरांनी कॅमेऱ्याच्या काचेवर टिकली चिकटवली. मी त्यांना दोष देणार नाही. मोटार परिवहन कामगारांसाठी १९६१ चा कायदा होता, दिवसाला आठ तास काम आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती; नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली. कामाच्या तासांचा नियम पाळायचा नाही आणि डोळा मिटला म्हणून पैसे कापायचे, हा अन्याय आहे. मामांच्या गाडीचा व्हिडिओ आला तर मी फोन करून इतकंच विचारतो, "मामा, कुठं थांबताय?" ते थांब्याचं नाव सांगतात. त्यांनी कॅमेऱ्याला हात लावलेला नाही.

घेणाऱ्यांसाठी: बसवताना ड्रायव्हरने स्वतः सीटवर बसावं, सीट रोजच्यासारखी मागेपुढे करून मगच कोन ठरवावा. चष्मा असेल तर लावूनच चेहरा नोंदवावा. बझरचा आवाज कमी करायची सोय ड्रायव्हरच्या हातात नसावी. सिमच्या रिचार्जचे पैसे वर्षाला वेगळे लागतात, ते दुकानदार आधी सांगत नाही, विचारून घ्या. एसीची हवा थेट तोंडावर असेल तर डोळे कोरडे पडून चुरचुरतात आणि पापणी जास्त मिटते, झरोका खाली वळवा.

पाचपैकी चार तारे. मामांच्या गाडीत मी आता दुसऱ्या बनावटीचा बसवतोय, ज्यात पापणीची मर्यादा माणसागणिक बदलता येते. गणपतीच्या आत काम उरकायचं आहे, त्यानंतर मालाची गर्दी वाढेल.