पाच गाड्यांच्या लॉटमध्ये एक पाण्यातली

जुन्या गाड्यांच्या होलसेलमध्ये छोटा डीलर फसतो तो बहुतेक वेळा लॉटमध्ये. "शेठ, पाचही उचला, सुटी देणार नाही." चार गाड्या बऱ्या, रेट बाजारापेक्षा कमी, फोटो चकाचक. पाचवी पुरात बुडून निघालेली असते, आणि ते कळेपर्यंत आरटीजीएस होऊन गेलेलं असतं.

२२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या नव्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. नवी स्वस्त झाली की जुनीचा भाव उतरतोच. आधी चढ्या भावाने घेतलेला माल अंगावर बसतो, आणि तो तोटा भरून काढायला डीलर गाड्या न बघता, नुसत्या फोटोंवर लॉट घेतो. फसवणाऱ्याला हेच हवं असतं.

दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या (विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीच्या) ७५ टक्क्यांवर गेला की विमा कंपनी गाडी टोटल लॉस, म्हणजे पूर्ण नुकसान, धरते आणि सॅल्व्हेज, म्हणजे ती खराब गाडी, लिलावात जातं. घेणारा ते सुकवतो, नवे सीटकव्हर-मॅट घालतो, पॉलिश मारतो आणि परराज्याच्या एनओसीवर (आरटीओच्या ना-हरकत दाखल्यावर) पुढे सरकवतो. काही आठवडे गाडी छान चालते. मग कनेक्टरच्या पिनांना हिरवट गंज धरतो. एअरबॅग मॉड्यूल सहसा गिअरजवळच्या कन्सोलखाली, अगदी खालच्या पातळीला असतं, त्यामुळे पाणी आधी तिथे शिरतं. पुढे ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर), पॉवर विंडो, इलेक्ट्रिक स्टीअरिंग एकेक करून दगा देतात. त्यातली एकेक वस्तू बदलण्यातच नफा संपतो.

वरचं मॅट उचलून काही कळत नाही. दाराच्या उंबऱ्यावरची पट्टी (सिल प्लेट) काढून कार्पेटखालचा फोम दाबून बघा. सीटचे रेल बोल्ट गंजलेत का, स्टेपनीच्या खड्ड्यात गाळ आहे का, तेही पाहा. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. धुणारे लोक तो भाग हमखास विसरतात आणि चिखलाची रेघ तिथे राहते. चावी ऑन केल्यावर एअरबॅगचा दिवा पेटून काही सेकंदांत विझला पाहिजे. पेटलाच नाही, किंवा इंजिन सुरू होताच बॅटरीच्या दिव्याबरोबर विझला, तर वायरिंगमध्ये जुगाड आहे असं समजा. स्कॅनरवर बिघाडाचा एकही कोड नाही म्हणून खूश होऊ नका. त्यावरचे रेडिनेस मॉनिटर (गाडीने स्वतःच्या तपासण्या पुऱ्या केल्या का ते दाखवणारे) 'अपूर्ण' दाखवत असतील तर कोड नुकतेच पुसलेले किंवा बॅटरी नुकतीच काढलेली असते.

कागदांत चेसिस नंबरवरून अधिकृत सर्व्हिस सेंटरची हिस्ट्री मागा आणि मागच्या पॉलिसीवरचा एनसीबी (क्लेम न केल्याबद्दल मिळणारी सूट) पाहा. चार-पाच वर्षांच्या गाडीवर तो शून्य असेल तर क्लेम कशाचा होता ते विचाराच. टोटल लॉसच्या आरसीवर चोरीची गाडी चढवण्याचेही प्रकार होतात. म्हणून चेसिस नंबर स्वतः घासून वाचा, फोटोवर विसंबू नका.

बिलाकडे फार कमी लोक लक्ष देतात. नोंदणीकृत डीलरला जुन्या गाडीच्या मार्जिनवर, म्हणजे खरेदी-विक्रीतल्या फरकावर, १८ टक्के जीएसटी लागतो, आणि तो गाडीगणिक मोजतात. पाचव्या गाडीतला तोटा बाकी चारच्या नफ्यातून वजा होत नाही. म्हणजे चार गाड्यांवर कर भरायचा आणि पाचवीचा खड्डा पदरचा. लॉट घेतला तरी प्रत्येक गाडीचं बिल वेगळं घ्या, त्यावर चेसिस नंबर आणि 'पुराची किंवा टोटल लॉसची नाही' असं विकणाऱ्याच्या सहीने लिहून घ्या. काही रक्कम आरसी नावावर होईपर्यंत रोखून धरा. विकणारा या दोन्हींना नकार देत असेल तर तो लॉट सोडा.

हा कागद एवढा महत्त्वाचा का, तर पुनर्विक्रीसाठी माल घेणारा २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 'ग्राहक' ठरत नाही, त्यामुळे ग्राहक आयोगाचा रस्ता बंद. उरतो दिवाणी दावा, नाहीतर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीची तक्रार. 'जशी आहे तशी' अटीवर सही केलेली असेल, तर विकणाऱ्याला आधीपासून माहीत होतं हे सिद्ध करणं विकणाऱ्याच्या सहीच्या त्या कागदाशिवाय फार अवघड जातं.