इलेक्ट्रोलायनरचं रेझिन किट : बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर

टेबलावर मोठ्या वळणांना जागा नाही आणि तरी लांब, वेगवान गाडी चालवायची आहे, अशांनी इलेक्ट्रोलायनर या जुन्या अमेरिकी विजेच्या गाडीचं हे १:८७ मापाचं, स्वतः जोडायचं मॉडेल किट जरूर घ्यावं. चार डबे मिळून सुमारे ५४ सेंटीमीटर लांबी होते, पण १८ इंची त्रिज्येच्या वळणावरही गाडी अडखळत नाही.

याचं श्रेय मूळ गाडीच्या रचनेला आहे. शिकागो नॉर्थ शोअर अँड मिलवॉकी ही इंटरअर्बन, म्हणजे दोन शहरं जोडणारी विजेची रेल्वे. सॅम्युएल इन्सल यांनी १९१६ मध्ये ती हाती घेतली, आणि १९२६ मध्ये स्कोकी व्हॅलीतून तिचा नवा वेगवान मार्ग सुरू झाला. १९४१ मध्ये सेंट लुईस कार कंपनीने तिच्यासाठी इलेक्ट्रोलायनर बांधल्या, त्याही फक्त दोन. मोकळ्या मार्गावर ताशी ८५ मैलांच्या वर पळायचं, मिलवॉकीत मोटारींच्या गर्दीतून भर रस्त्यावरून जायचं आणि शिकागोत उन्नत (रस्त्याच्या वर खांबांवर उचललेल्या) रेल्वेमार्गाच्या ९० फूट त्रिज्येच्या कोपऱ्यांवर वळायचं, हे सगळं एकाच गाडीने करायचं होतं. म्हणून डबे आखूड ठेवले, आणि चार डब्यांना मिळून बोग्या, म्हणजे डब्याखालचे चाकांचे सांगाडे, पाचच. शेजारच्या दोन डब्यांची टोकं एकाच बोगीवर टेकतात. ९० फूट म्हणजे आपल्या मापात जेमतेम साडेबारा इंच! माझ्या टेबलावरच्या वळणापेक्षा कितीतरी आवळ वळणं ही गाडी रोज घेत होती. किटमधली जोडबोगी हातात घेतली की ही युक्ती लगेच उमगते, आणि मला या किटचं सर्वांत जास्त मोल त्यासाठीच वाटतं.

बांधणी मात्र नवख्यांसाठी नाही. डब्यांच्या बाजू थोड्या वाकलेल्या आल्या. गरम पाण्यात बुडवून काचेवर दाबून ठेवल्यावर सरळ झाल्या. मोटर आणि चाकं वेगळी घ्यावी लागतात, आणि तो खर्च किटच्या किमतीच्या जवळपास जातो. रेझिन हलकं असल्याने चढावर चाकं जागच्या जागी फिरत होती. मोटरच्या डब्यात फरशीखाली शिशाचे तुकडे बसवल्यावर ते थांबलं. जोडबोगीचे स्क्रू काही महिन्यांत सैल झाले; तिथे पितळी पिन आणि स्प्रिंग वॉशर घातल्यापासून पुन्हा हात लावावा लागलेला नाही.

निळसर हिरव्या रंगावरचे सॅल्मन (फिकट गुलाबी-नारिंगी) रंगाचे पट्टे डिकालने, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील पट्ट्यांनी येतात. डिकाल उत्तम आहेत. वरून वॉर्निशचा हात दिला तर टिकतात.

छतावरचे ट्रॉली पोल (वरच्या तारेतून वीज घेणारे दांडे) शोभेपुरतेच ठेवा, वीज रुळांतूनच घ्या. मूळ गाडी उन्नत मार्गावर तिसऱ्या रुळातून आणि बाकी ठिकाणी तारेवरून वीज घेई, पण या मापात पोलची स्प्रिंग फार नाजूक आहे, सांध्यांवर तार सुटते.

टॅव्हर्न-लाउंजचा, म्हणजे खाण्यापिण्याचा डबा सगळ्यात सावकाश करा. प्रवासी तिथे ‘इलेक्ट्रोबर्गर’ नावाचा बर्गर खात. दख्खनच्या राणीच्या डायनिंग कारमध्ये बसलेल्यांना त्या डब्याचं अप्रूप मी वेगळं सांगायला नको. टेबलं, काउंटर किटमध्ये आहेत. छत चिकटवण्याआधीच ती रंगवून आत दिवा बसवा.

गाडी कोणत्या काळातली करायची तेही आधी ठरवा, कारण रंग त्यावर ठरतो. १९५१ मध्ये ईडन्स एक्सप्रेसवे सुरू झाला, प्रवासी मोटारीकडे वळले आणि २१ जानेवारी १९६३ ला ही रेल्वे बंद झाली. पुढच्याच वर्षी तिच्या एका तुकड्यावर स्कोकी स्विफ्ट धावू लागली; आजची शिकागोची यलो लाइन ती हीच. दोन्ही इलेक्ट्रोलायनर फिलाडेल्फियाकडे जाऊन ‘लिबर्टी लायनर’ झाल्या, त्यांचा रंगही बदलला. किटमधले डिकाल फक्त नॉर्थ शोअरचे आहेत, लिबर्टी लायनरसाठी वेगळे शोधावे लागतील. छताचे बारकावे सूचनापत्रात अगदीच त्रोटक आहेत. एक गाडी इलिनॉयमधल्या युनियन गावातल्या रेल्वे संग्रहालयात आणि दुसरी पेनसिल्व्हेनियातल्या रॉकहिलला जपलेली आहे. जमेल तिथे जाऊन फोटो काढा आणि मगच छताला प्रायमर लावा.