वरच्या ट्रेमधली अंडी खरी होती

फेब्रुवारीत मी कडकनाथ या काळ्या कोंबडीच्या जातीची साठ उबवणीची अंडी ऑनलाइन मागवली. पस्तीस रुपयांना एक, म्हणजे एकवीसशे, आणि वर पार्सलचे अडीचशे. पैसे माझ्या एकटीचे नव्हते. शेजारच्या वहिनींनी त्यांच्या बचत गटातून काढलेले हजार रुपये त्यात होते. म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

आमचं गाव भोर तालुक्यात. घरी पंधरा-वीस गावरान कोंबड्या असतात, शंभर अंड्यांचं उबवणी यंत्र आहे आणि कृषी विज्ञान केंद्रात मी तीन दिवसांचं प्रशिक्षणही घेतलं आहे. म्हणजे मी अगदी नवखी नव्हते. 2019 साली सांगली जिल्ह्यात कडकनाथच्या नावावर शेतकऱ्यांचे पैसे कसे बुडाले, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. पण तिथे पक्षी देऊन अंडी परत विकत घेण्याची हमी होती. आपण तर नुसती अंडी घेतोय, त्यात काय फसणार, असं मला वाटलं.

विक्रेत्याने व्हिडिओ पाठवला होता. निळ्या ताडपत्रीसमोर काळी पिल्लं, लाल भांड्यातून दाणे टिपणारी. फार्म मध्य प्रदेशातल्या झाबुआजवळ आहे म्हणाला. कडकनाथ मूळचा तिथलाच, 2018 मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं, त्यामुळे झाबुआचं नाव ऐकलं की माणूस निम्मा विश्वास तिथेच ठेवतो. "ताई, ऐंशी टक्के पिल्लं निघणारच," हे त्याने तीनदा सांगितलं. पैसे सगळे आधी.

पार्सल ट्रॅव्हल्सच्या गाडीने आलं. बिल्टीवर, म्हणजे पार्सलच्या पावतीवर, बुकिंगचं ठिकाण पुणे जिल्ह्यातलंच होतं. मी विचारलं, तर म्हणाला, "आमचा माल तिथून पुढे जातो." मी ऐकून घेतलं. पहिली चूक ही.

खोक्यात भाताचा तूस आणि तीस-तीसचे दोन ट्रे. वरचे दोन आणि खालचे दोन फुटलेले, म्हणजे छप्पन्न शाबूत. वरची अंडी लहान, फिकट बदामी. खालची चांगली थोराड आणि गडद तपकिरी. किचनच्या काट्यावर ठेवून बघितली. वरची चव्वेचाळीस-सेहेचाळीस ग्रॅम, खालची अठ्ठावन्न-साठ. कडकनाथचं अंडं साधारण आपल्या गावरान अंड्याएवढंच असतं, हे मला माहीत होतं. तरी मी त्यालाच विचारलं! "जुन्या कोंबड्या मोठी अंडी देतात ताई." कोंबडी वयाने वाढली की अंडं थोडं मोठं होतं हे खरंच आहे. त्याचं प्रत्येक उत्तर असं अर्धं खरं असायचं.

आता त्याने दिलेल्या सूचना. ही अंडी घेण्याचा विचार असलेल्या प्रत्येकाने हा भाग नीट वाचावा, अशी माझी विनंती आहे. त्याने लिहून पाठवलं होतं: पार्सल आल्याबरोबर अंडी जंतुनाशकाच्या पाण्यात धुवायची, पुसायची आणि लगेच यंत्रात लावायची. थांबलात तर आतला जीव मरेल. आणि बॅटरीच्या उजेडात अजिबात बघायचं नाही, उजेडाने बीज जळतं.

यातलं एकही खरं नाही. अंड्यावर नैसर्गिक पातळ लेप असतो. धुतल्यावर तो जातो आणि कवचाच्या बारीक छिद्रांतून जंतू आत शिरतात. प्रवासात हलून आलेलं अंडं निमुळतं टोक खाली करून निदान बारा तास, शक्यतो पूर्ण दिवस, सावलीत थंड जागी ठेवायचं असतं, म्हणजे आतली हवेची पोकळी जागेवर बसते. ताजी असली तर अंडी एका दिवसाने मरत नाहीत. पंधरा-अठरा अंश तापमानात आठवडाभर चांगली राहतात, त्यानंतर मात्र पिल्लं निघण्याचं प्रमाण उतरत जातं. आणि बॅटरीसमोर क्षणभर धरल्याने काहीही जळत नाही. उलट पोकळी केवढी आहे, कवचाला केसासारखी चीर आहे का, ते तेव्हाच कळतं. पोकळी मोठी म्हणजे अंडं शिळं.

मी अंडी धुतली नाहीत. एक दिवस टोक खाली करून ठेवलीही. पण उजेडात बघितलं नाही. वहिनींचे पैसे आहेत, उगाच कशाला जोखीम, असा विचार केला आणि प्रशिक्षणात स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेली गोष्ट त्याच्या शब्दासाठी बाजूला ठेवली. आज मला वाटतं, त्याच्या त्या सूचना अज्ञानातून आलेल्या नव्हत्या. धुतलेलं, न तपासलेलं, थेट यंत्रात गेलेलं अंडं पुढे बाद निघालं, तर दोष कुणाचा हे कधीच सिद्ध होत नाही.

सासूबाईंनी खालच्या ट्रेमधलं एक अंडं कानाशी धरून हलवलं. "आतलं पाणी वाजतंय. ह्याला कोंबड्याचा वारा लागलेला नाय," म्हणाल्या. मी म्हटलं, "आई, प्रवासाने होतं तसं." तेव्हाच ऐकायला हवं होतं.

एक गोष्ट मात्र देवाने सुचवली. यंत्रात जागा होती म्हणून घरच्या कोंबड्यांची वीस अंडी, पेन्सिलीने खूण करून, त्याच दिवशी त्याच यंत्रात लावली.

आठव्या दिवशी रात्री लाइट बंद करून सगळी अंडी बॅटरीवर धरली. घरच्या वीसपैकी सतरा अंड्यांत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा आणि मधे हलणारा ठिपका. वरच्या ट्रेमधल्या अठ्ठावीसपैकी अकरांत शिरा, चारांत रक्ताचं कडं, म्हणजे जीव धरून मेलेला. खालची अठ्ठावीसच्या अठ्ठावीस कोरी. नुसता पिवळसर उजेड आरपार. त्यांची पोकळीही घरच्या अंड्यांच्या मानाने कितीतरी मोठी.

सकाळी त्यातली दहा अंडी घेऊन तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी एकेक बशीत फोडलं. बलक अखंड, रक्ताचा एक धागा नाही. ते म्हणाले, उन्हाने किंवा हेलकाव्याने जीव मेला असता तर दहात कुठेतरी खूण सापडली असती. ही लेअर फार्मची खाण्याची अंडी दिसतात. तिथे पिंजऱ्यात फक्त माद्या असतात, कोंबडा नसतोच. दुकानात सात-आठ रुपयांना मिळणारं तपकिरी अंडं मी पस्तीसला घेतलं होतं.

विक्रेत्याला फोन केला. आधी म्हणाला यंत्राचं तापमान चुकलं. घरच्या सतरा अंड्यांचा फोटो पाठवला, तर म्हणाला गाडीवाल्याने आपटलं. मग म्हणाला, "अकरा तर धरलीत ना ताई, कुठे फसवलं?" त्यासाठीच वरचा ट्रे होता. दुसऱ्या दिवशी नंबर ब्लॉक.

एकविसाव्या दिवशी घरच्या अंड्यांतून पंधरा पिल्लं निघाली, त्याच्या अंड्यांतून सहा. सहांपैकी दोघांचे पाय पिवळे आहेत. कडकनाथचे पाय काळपट असतात.

ऑनलाइन फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर तक्रार केली, तक्रारीचा नंबर मिळाला, पैसे अजून नाहीत. तिथल्या माणसाने विचारलं, "इतके दिवस का थांबलात?" पैसे गेल्याबरोबर फोन केला तर खातं गोठवता येतं म्हणे. पण अंड्यांच्या बाबतीत फसवणूक कळेपर्यंतच आठवडा जातो. म्हणून जे काही करायचं ते यंत्रात लावण्याआधी. खोकं उघडतानाचा सलग व्हिडिओ काढा, बिल्टी त्यात दिसू द्या. दोन्ही ट्रेमधली अंडी काट्यावर ठेवा, बॅटरीवर बघा, आणि प्रत्येक ट्रेमधली दोन अंडी सरळ फोडा. बलकावर बांगडीसारखं फिकट गोल कडं दिसलं तर ते फळलेलं. नुसता बारीक, वेडावाकडा पांढरा ठिपका असेल तर कोंबड्याचा संबंध नाही. चार अंडी गेल्याचं वाईट वाटतं, मला समजतं. मी ती फोडली असती तर त्याच दिवशी 1930 ला फोन गेला असता. बिलावर घेतलं असेल तर ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे. माझ्याकडे बिल नव्हतं.

पुढच्या वेळी मी खडकीच्या सरकारी अंडी उबवणी केंद्रात स्वतः जाणार आहे. वहिनींचे हजार रुपये दोन कोंबडे विकून दिले. त्या नको म्हणत होत्या, पण गटाचा हप्ता त्यांनाच भरायचा होता.

परवा तोच व्हिडिओ पुन्हा फिरताना दिसला. निळी ताडपत्री, लाल भांडं, तीच पिल्लं. नंबर वेगळा आहे, आणि भाव आता चाळीस रुपये.